आधी पुस्तक सोलापुरात येऊ द्या

एखाद्या गाजलेल्या ग्राफिक नॉव्हेलवर, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या कादंबरीवर, सिनेमा येतोय अशी बातमी फुटली की हल्ली सोलापुरातही त्याच संध्याकाळी चर्चा रंगते. पूर्वी इंग्रजी सिनेमा मुंबई-पुण्यात गाजून, उतरून मग कधीतरी इकडं यायचा. तोवर त्याचं कुतूहल शिळं झालेलं असायचं. आता ट्रेलर न्यूयॉर्कमध्ये आणि नवी पेठेत एकाच मिनिटाला दिसतो. कॉलेजची पोरं चहाच्या गाड्यावर फोन आडवा धरून तो थांबवत थांबवत बघतात. मागच्या भिंतीवर काय लिहिलंय, मुखवट्याचा रंग पुस्तकातल्यापेक्षा गडद आहे का, नायिकेचे केस असे का कापलेत, यावर अर्धा अर्धा तास वाद घालतात. मला ही पोरं फार आवडतात. एखाद्या कथेवर इतका जीव जडणं चांगलंच आहे, आणि त्यांना रिकामटेकडी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण त्यांच्यात बसून ‘मूळ पुस्तक कुणाकडं आहे?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं की फोनमध्ये पीडीएफ आहे. तीही पूर्ण वाचलेला एखादाच सापडतो. बाकीचे ऐकीव माहितीवर चाहते झालेले असतात. यात त्यांचा काडीचाही दोष नाही. पुस्तक गावात मिळत नाही, मागवलं तर परवडत नाही, आणि मराठीत बहुधा नसतंच.

घोषणेपासून पहिल्या खेळापर्यंतचा काळ वर्ष-दोन वर्षांचा असतो. चाहत्यांच्या हातात खरी ताकद असते ती याच काळात. सध्या ती सगळी एकाच मागणीवर खर्च होते: सिनेमा पुस्तकासारखा जसाच्या तसा पाहिजे. माझं म्हणणं असं की ही मागणी चुकीच्या दारात उभी आहे. सिनेमा कसा असावा हे दिग्दर्शक ठरवेल. पुस्तक आपल्या गावात, आपल्या भाषेत, आपल्या वाचनालयात असावं, ही मागणी मात्र आपल्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही.

‘जसंच्या तसं’ या हट्टाचं काय होतं ते ‘वॉचमेन’वरून नीट समजतं. अॅलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेली ही कथा १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आली. झॅक स्नायडर यांचा सिनेमा आला २००९ मध्ये. मधली वीसेक वर्षं चाहते वाट बघत होते. सिनेमात पुस्तकातल्या कितीतरी चौकटी अगदी त्याच कोनातून, त्याच प्रकाशात उभ्या केल्या आहेत. तरी मूर यांनी श्रेयनामावलीत आपलं नाव येऊ दिलं नाही. चाहत्यांचं भांडण मात्र प्रामुख्याने शेवटावरून झालं, कारण सिनेमानं तो बदलला होता.

मला शेवट बदलल्याचं काही वाटत नाही. मला वाटतं ते चौथ्या प्रकरणाबद्दल. कथेतला अतिमानवी शक्तीचा डॉक्टर मॅनहॅटन मंगळावर एकटा उभा आहे. हातात १९५९ सालचा एक फोटो. थोड्या वेळानं तो फोटो खाली पडणार आहे हे त्याला आत्ताच माहीत आहे, कारण त्याच्यासाठी काल, आज आणि उद्या एकाच वेळी चालू असतात. एका चौकटीत फोटो हातात आहे, दुसरीत वाळूत पडलेला आहे, मधेच आपण कित्येक वर्षं मागं जाऊन येतो. गंमत अशी की वाचकालाही त्या पानावर नेमकं तेच होतं. पुस्तकाची रचना बहुतेक ठिकाणी तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहे. पान उघडलं की सगळ्या चौकटी एकदम दिसतात. पुढं काय होणार ते डोळ्याच्या कोपऱ्यात आधीच आलेलं असतं, आणि मागचं पुन्हा बघायला नजर वर नेली की झालं. म्हणजे मॅनहॅटनला जसा काळ दिसतो तसाच तो वाचकाला पानावर दिसतो. सिनेमात हा भाग सुंदर केला आहे. संथ आवाज आहे, भारून टाकणारं संगीत आहे. पण पडद्यावर एका वेळी एकच चित्र असतं, आणि ते आपल्या नाही तर यंत्राच्या वेगानं पुढं सरकतं. ते पान पडद्यावर येऊच शकत नाही. चाहत्यांनी कितीही मोठ्यानं मागितलं तरी येणार नाही.

सोलापूरकराला हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. चादरीची नक्षी आधी कागदावर काढतात, मग डिझायनर ती ग्राफच्या चौकोनांत घर घर मोजत उतरवतो, त्यावरून जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेसाठी, पुठ्ठ्याची कार्डं टोचली जातात आणि मग ती मागावर येते. कागदावरच्या मोराची मान गोल असते. धाग्याला तशी गोलाई जमत नाही, ती पायऱ्या-पायऱ्यांनी वळते. चांगला डिझायनर मान थोडी लांबवतो, पिसाऱ्यातले दोन डोळे कमी करतो, आणि चादरीवर मोर जिवंत दिसतो. कागदावरची रेघ न् रेघ चादरीत आणायचा हट्ट धरला तर नक्षीचा गिचका होतो.

म्हणूनच मला ‘पर्सेपोलिस’चं उदाहरण मोलाचं वाटतं. मार्जान सत्रापी यांनी इराणमधल्या आपल्या बालपणाची गोष्ट काळ्या-पांढऱ्या चित्रांत सांगितली आणि २००७ मध्ये व्हॅन्सां पारोनो यांच्यासोबत तिचा अॅनिमेशनपट स्वतःच केला. आठवणींचा भाग काळा-पांढरा ठेवला, विमानतळावरच्या वर्तमानाला मात्र रंग दिला. लेखिकेनंच आपल्या पुस्तकाला कात्री लावली, नवं जोडलं, आणि फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्या सिनेमाला ज्युरी पारितोषिक मिळालं. दुसऱ्या टोकाला आर्ट स्पीगलमन आहेत. छळछावण्यांवरच्या ‘माऊस’ या चित्रकथेसाठी त्यांना १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला, पण त्यावर सिनेमा त्यांनी होऊ दिलेला नाही. मला दोघांचाही निर्णय मान्य आहे. कारण दोघांनाही पानाची किंमत कळलेली आहे.

आता आपल्याकडं येऊ. ‘भीमायन’ हे २०११ मधलं पुस्तक ज्यांनी हातात घेतलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाण्याचे, निवाऱ्याचे, प्रवासाचे प्रसंग चितारले आहेत. त्यांनी चौकोनी चौकटी वापरल्याच नाहीत. संवादाचे फुगेही ठरावीक नाहीत. मायेनं किंवा साधेपणानं बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, आणि ज्या बोलण्यात जातीचं विष आहे त्या फुग्याला विंचवाची नांगी असते. लहान भीमाला पाणी नाकारणाऱ्या माणसाचं वाक्य वाचायच्या आधीच नांगी दिसते. वाक्य अजून कळलेलं नसतं, पण डंख बसलेला असतो. यावर उद्या कुणी सिनेमा काढला तर त्या नांगीचं काय करणार? आवाजात विष आणता येईल, चेहऱ्यावर आणता येईल, पण ती नांगी पुस्तकातच राहणार. असा सिनेमा खरोखर येणार म्हटलं तर सोलापुरात चौकाचौकांत फ्लेक्स लागतील, बुधवार पेठेतून मिरवणूक निघेल, आणि ते योग्यच होईल. पण त्या गर्दीतल्या किती मुलांनी ती नांगी पाहिलेली असेल? मला काळजी आहे ती एवढ्याचीच.

चाहत्यांच्या मागणीमुळं सिनेमे सुधारतात, असा एक मुद्दा हमखास मांडला जातो. तो खोटा नाही. व्हिडिओ गेममधल्या ‘सॉनिक’ या पात्रावरच्या सिनेमाचा पहिला ट्रेलर २०१९ मध्ये आला तेव्हा त्या पात्राचा चेहरा बघून लोक इतके खवळले की तो नव्यानं घडवला गेला आणि नोव्हेंबरमध्ये येणारा सिनेमा २०२० च्या फेब्रुवारीवर गेला. ‘जस्टिस लीग’ या सुपरहिरोपटाची दिग्दर्शक झॅक स्नायडर यांच्या मनातली आवृत्ती हवी म्हणून २०१७ पासून मोहीम चालली आणि २०२१ मध्ये ती चार तासांची आवृत्ती खरंच आली. तेव्हा चाहत्यांच्या आवाजाला वजन नाही असं मी म्हणत नाही. पण या दुसऱ्या मोहिमेतली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. सिनेमाची वाट बघता बघता त्या चाहत्यांनी आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला मोठी देणगी गोळा करून दिली. स्नायडर यांच्या मुलीच्या मृत्यूनंतर त्यांना सिनेमा सोडावा लागला होता, त्या दुःखाशी चाहत्यांनी आपलं वाट बघणं जोडून घेतलं. तोच उत्साह, तीच माणसं, फक्त जोर दुसऱ्या कामाला लावला.

आणि हा जोर भलतीकडं लागला की काय होतं तेही आपण बघतो. भूमिकेसाठी निवडलेल्या नटाचा रंग, नटीचा चेहरा किंवा वय पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही म्हणून त्यांना महिनोनमहिने शिव्या खाव्या लागतात. सिनेमाचा एक फूटही कुणी पाहिलेला नसतो. पुस्तकावरच्या प्रेमाच्या नावाखाली एखाद्या मुलीला रडवणाऱ्या माणसाला मी चाहता म्हणायला तयार नाही.

गलबल्यावरून प्रेक्षकांचा अंदाजही येत नाही. ब्रायन ली ओमॅली यांच्या ‘स्कॉट पिलग्रिम’चा सहावा आणि शेवटचा खंड जुलै २०१० मध्ये आला आणि ऑगस्टमध्ये सिनेमा. सॅन दिएगोच्या कॉमिक कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात जल्लोष झाला, थिएटरं मात्र रिकामी राहिली आणि खर्चही निघाला नाही. पण पुस्तकाचे सहाही खंड वाचकांच्या हातात होते, म्हणून सिनेमा पडला तरी कथा पडली नाही. पुढं त्याच सिनेमाला जिवाभावाचा प्रेक्षक मिळाला.

‘वॉचमेन’च्या बाबतीत पुस्तकाचं काय झालं हे तर आकड्यातच दिसतं. सिनेमाचा ट्रेलर २००८ च्या जुलैत आला आणि पुस्तकाची मागणी एवढी वाढली की प्रकाशकांना ९ लाखांहून अधिक जादा प्रती छापाव्या लागल्या. सिनेमा यायला तेव्हा सात-आठ महिने होते. म्हणजे पहिल्या खेळाला बसलेल्यांत असंख्य लोक नुकतेच वाचून आलेले होते. शेवट बदलला म्हणून भांडायचा त्यांना हक्क होता, कारण मूळ शेवट त्यांनी स्वतः गाठला होता.

आपल्याकडंही असं एकदा घडलं आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ ही चित्रमालिका १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागली आणि त्यावरचा मराठी सिनेमा २०१२ मध्ये आला. वीस वर्षं घरी पेपर येत होता. आजोबांनी वाचलेला, मुलानं कापून वहीत चिकटवलेला, सुनेनं फ्रीजवर लावलेला चिंटू. सिनेमाला गेलेल्या कुटुंबात मूळ कथा न वाचलेलं कुणीच नसे. तीन-चार चौकटींत संपणारा विनोद दोन तासांत कसा मावेल, यावर घराघरांत बोलणं झालं ते माहितगारांचं बोलणं होतं. रोज सकाळी दारात मराठीत येणारं चित्र असलं की वाट बघण्याला असा अर्थ येतो.

त्याच्याही आधी, १९६४ ते १९९० या काळात, इंद्रजाल कॉमिक्सनं वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि मँड्रेक मराठीत आणले होते. स्टेशनवरच्या स्टॉलवर, रद्दीच्या दुकानात, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत ते अंक असायचे. गिरणी कामगाराच्या मुलालाही ते मिळत होते. ली फॉक यांच्या वेताळावरचा हॉलिवूडपट आला १९९६ मध्ये. तेव्हा इंद्रजाल बंद होऊन सहा वर्षं झाली होती. ज्यांनी वेताळ मराठीत वाचला ती मुलं मोठी होऊन नोकरीला लागली होती, आणि नव्या मुलांना कवटीच्या गुहेचा पत्ता माहीत नव्हता.

आधी पुस्तक, मग सिनेमा, हा क्रम मी इतका लावून धरतो याला सोलापुरातलंच एक कारण आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला, स्वतः कोटणीसांची भूमिकाही केली. सिनेमाचं नाव आजही सोलापुरात कुणालाही विचारा, पटकन सांगेल. पुस्तकाचं नाव विचारा. शहरात स्मारक आहे, नाव अभिमानानं घेतलं जातं, पण ज्या पानांवर ती हकिगत पहिल्यांदा उतरली ती पानं चाळलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. एकदा पडद्यावरचा चेहरा डोळ्यांत बसला की मूळ पुस्तक शोधायची गरजच लोकांना वाटत नाही. सिनेमा आला की वाचक आपोआप वाढतील असं जे म्हणतात त्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

चित्रांच्या पुस्तकात तर हे आणखी झपाट्यानं होतं. गद्य कादंबरीतला नायक तुमच्या मनातला वेगळा आणि माझ्या मनातला वेगळा असतो. ग्राफिक नॉव्हेलमध्ये त्याचा चेहरा एका चित्रकाराच्या हातून उतरलेला असतो. वर्षानुवर्षं खपून त्यानं ती रेघ मिळवलेली असते. सिनेमा त्या रेघेच्या जागी नटाचा चेहरा बसवतो. हिंदी किंवा तेलुगू डबिंगमुळं तो सिनेमा आपल्या पोरांपर्यंत आरामात पोहोचतो, पुस्तक मात्र इंग्रजीच्या पलीकडं येत नाही. मग इथल्या मुलासाठी तो चित्रकार कधी होताच की नाही?

मराठी आवृत्ती का निघत नाही, याची कारणं खरी आहेत. फुगे इंग्रजीच्या मापानं काढलेले असतात. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार लागतो, ओळींत जास्त अंतर सोडावं लागतं. मजकूर मावत नाही आणि अक्षर बारीक केलं तर वाचवत नाही. म्हणून अक्षरलेखन नव्यानं, फुग्यागणिक करावं लागतं. त्यात हक्कांचे पैसे, रंगीत छपाई, जाड कागद. मराठीत एवढ्या खर्चाचं पुस्तक काढताना प्रकाशकाला रात्री झोप लागत नाही, हे मला समजतं. पण खप होईल अशी आशा बाळगावी असा काळ त्याच्या वाट्याला एकदाच येतो, सिनेमाची घोषणा झाल्यापासून तो लागेपर्यंतचा. त्याच वेळी वाचकांनी मागणी लावून धरली तर त्याला हिशेब मांडता येईल. सिनेमा उतरल्यावर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नाही.

आणि मागणी लावून धरणं म्हणजे काय, हे सोलापूरला शिकवायला नको. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू भाषकांच्या वस्तीत, तेलुगू सिनेमा लागायचा असला की पहाटेपासून काय चालतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस अंघोळ करून थेट थिएटरच्या दारात. हलगी, हार, फ्लेक्स, गुलाल. हौशीला हसणारे हसोत. पण याच तेलुगू चाहत्यांच्या जगात चिरंजीवी यांनी १९९८ मध्ये रक्तपेढी उभी केली आणि चाहत्यांनी रक्तदान ही आपली रीत करून टाकली. वर्गणी कशी काढायची, माणसं कशी जमवायची, काम कसं वाटून घ्यायचं, हे तिथल्या पोरांना पक्कं माहीत आहे. ग्राफिक नॉव्हेलवर जीव टाकणाऱ्या मराठी पोरांनी त्यांच्याकडं जाऊन बसावं. कित्येकदा ती एकाच वर्गात शिकतात.

आपल्याकडं हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड वर्गांतल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. कोणती पुस्तकं घ्यायची हे सभासदांनी काय मागितलं त्यावरही ठरतं. ग्राफिक नॉव्हेल कुणी मागतच नाही, म्हणून ती येत नाहीत, आणि कधी आलीच तर ‘मुलांची कॉमिक्स’ म्हणून बालविभागात पडून राहतात. ‘माऊस’सारखं छळछावण्यांवरचं पुस्तक परीकथांच्या शेजारी ठेवणं हा त्या पुस्तकावर आणि ते उघडणाऱ्या आठ वर्षांच्या मुलावरही अन्याय आहे. त्यांना स्वतंत्र कपाट हवं. ग्रंथपालाला हे समजावून सांगणारा माणूस समोर हवा, आणि तो चाहत्यांतूनच यायचा.

पुढच्या वेळी अशी घोषणा झाली की पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळासाठी जमणाऱ्या गटानं आधी दहा-पंधरा जणांचं सभासदत्व घ्यावं आणि त्याच पुस्तकाची मागणी लेखी नोंदवावी. अशा एका प्रतीच्या किमतीत चार-पाच जणांची सिनेमाची तिकिटं निघतात, पण ती प्रत वर्षभर फिरते. वाचनालय नाहीच म्हणालं तर वर्गणीतून घेऊन त्यांना भेट द्यावी. आणि मराठी प्रकाशकाला पत्र पाठवावं, त्यात ‘आवृत्ती काढलीत तर एवढ्या प्रती आम्ही आगाऊ पैसे भरून घेऊ’ असं लिहावं, खाली सह्या कराव्यात. पूर्व भागातल्या मित्रांनी तसंच पत्र हैदराबादच्या प्रकाशकाला तेलुगूत लिहावं. दोन्ही पत्रं एकाच चहाच्या गाड्यावर बसून लिहिता येतील.